निषेधातून उमललेली चित्रकला

पुण्याच्या लष्कर भागातून जाणारा माणूस लाल विटांच्या एका उंच मनोऱ्याकडे मान वर करून पाहिल्यावाचून सहसा पुढे जात नाही. लोक त्या वास्तूला 'लाल देऊळ' म्हणतात. तिचे खरे नाव ओहेल डेव्हिड. डेव्हिड ससून या दानशूर व्यापाऱ्याच्या औदार्यातून उभे राहिलेले हे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर १८६७ साली बांधून पुरे झाले. देऊळ म्हटले की गाभारा आणि गाभारा म्हटला की मूर्ती, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. या देवळात मात्र मूर्ती नाही. जेथे आपण मूर्तीची अपेक्षा करू तेथे एक कपाट आहे, आणि त्या कपाटात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या धर्मशास्त्राच्या गुंडाळ्या आहेत. देवाचे रूप नाही. देवाचा शब्द आहे.

यावरून सहज प्रश्न उभा राहतो. ज्या धर्माने मूर्ती निषिद्ध मानली, त्या धर्माच्या लोकांनी चित्रे काढली काय? काढली असल्यास ती कोणती, आणि निषेधाचा त्या चित्रांवर काय परिणाम झाला? आमच्या आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. विषय दूरदेशीचा वाटेल. पण त्याचा एक धागा थेट आपल्या कोकणात आणि पुण्यात येऊन पोहोचतो, हे आपल्याला शेवटी दिसेल.

प्रथम निषेध नेमका काय आहे ते पाहू. 'निर्गम' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ज्या दहा आज्ञा आहेत, त्यांपैकी दुसरीचा आशय असा : वर आकाशात, खाली पृथ्वीवर किंवा पृथ्वीखालच्या जलात जे काही आहे त्याची कोरीव प्रतिमा करू नये, तिच्यापुढे वाकू नये, तिची सेवा करू नये. वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की येथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक करण्याविषयी आणि दुसरी वाकण्याविषयी. जोर पहिल्या शब्दावर द्यावा की दुसऱ्यावर? पहिल्यावर दिला तर चित्रकाराने कुंचला खाली ठेवावा. दुसऱ्यावर दिला तर चित्र चालेल, पूजा चालणार नाही. ज्यू कलेचा दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधला झोका होय. काही काळी, काही देशी एक अर्थ वरचढ झाला. काही काळी दुसरा.

गंमत अशी की शास्त्रग्रंथ स्वतःच दुसऱ्या अर्थाला पुष्कळ जागा देतो. मूर्तिनिषेध विसाव्या अध्यायात आहे, आणि पंचविसाव्या अध्यायात पवित्र कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन पंखधारी करूब घडवावेत अशी आज्ञा आहे! पुढे एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराचा उल्लेख येतो. देवाने त्याला बुद्धी, समज आणि सर्व प्रकारचे हस्तकौशल्य दिले, असे तेथे म्हटले आहे. कारागिराचे कसब हे दैवी देणे आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा धर्म कलेचा शत्रू कसा म्हणावा?

दुसरी कथा पितळी सर्पाची. अरण्यात सर्पदंशाने माणसे मरू लागली तेव्हा मोशेने एक पितळी सर्प करून काठीवर उंच लावला. पुढे कित्येक पिढ्या तो जपून ठेवला गेला. हिज्कीया राजाच्या वेळी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा राजाने तो फोडून टाकला. मोशेने केला तो सर्प आणि राजाने फोडला तो सर्प एकच. बदलली होती ती वस्तू नव्हे, तर पाहणाऱ्याची वृत्ती.

हाच विचार पुढील काळातील धर्मपंडितांच्या एका आख्यायिकेत अधिक मिस्कीलपणे आला आहे. रब्बान गम्लिएल नावाचे थोर आचार्य अक्को नगरातील सार्वजनिक स्नानगृहात स्नानाला जात. तेथे आफ्रोदिती या ग्रीक देवतेची मूर्ती होती. एका परधर्मीयाने त्यांना खोडसाळपणे विचारले, की तुमच्या शास्त्राला हे कसे चालते? आचार्यांनी आधी स्नानगृहाबाहेर येऊन मग उत्तर दिले. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की मी तिच्या हद्दीत गेलो नाही, तीच माझ्या हद्दीत आली आहे. लोकांनी देवीच्या शोभेसाठी स्नानगृह बांधलेले नाही, स्नानगृहाच्या शोभेसाठी देवी बसवली आहे. जेथे पूजा नाही तेथे मूर्ती हा केवळ अलंकार, हा त्यातला मुद्दा.

याच्या जोडीला आणखी एक तत्त्व पंडितांनी सांगितले. धर्मकृत्य नुसते पार पाडू नये, ते सुंदर करावे. सणाचा मांडव बांधायचा तर सुंदर बांधावा. शास्त्राची गुंडाळी लिहायची तर चांगल्या शाईने, चांगल्या बोरूने, कुशल लेखकाकडून लिहवून घ्यावी आणि उंची रेशमात गुंडाळावी. आपल्याकडे नैवेद्याच्या ताटाभोवती रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. चांदीचे दीप, भरतकामाचे पडदे, मसाल्याच्या नक्षीदार डब्या, विवाहाचे रंगीत करारपत्र, असा ज्यूंच्या घरगुती कलेचा मोठा संसार या एका तत्त्वातून उभा राहिला.

असे असूनही एकोणिसाव्या शतकातील युरोपात पुष्कळ विद्वान ठामपणे सांगत, की ज्यू लोकांना कान आहे पण डोळा नाही. त्यांच्यात चित्रकला नव्हती आणि होणारही नाही. रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराने १८५० साली लिहिलेल्या एका कुप्रसिद्ध निबंधात ज्यूंच्या दृष्टीला दृश्यकला साधत नाही अशा अर्थाचे विधान केले, आणि संगीताच्या क्षेत्रातही त्यांची निर्मितिशक्ती अमान्य केली. वरवर पाहता हा कलेच्या इतिहासातील वाद वाटतो. परंतु एखाद्या समाजाला सौंदर्याची जाणीवच नाही असे म्हणणे ही त्याला माणसातून उठवण्याची पहिली पायरी असते. पुढच्या पायऱ्या विसाव्या शतकाने पाहिल्या.

या मताला सर्वांत मोठा धक्का बसला तो १९३२ साली, आणि तोही सीरियाच्या वाळवंटात. युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचे प्राचीन लष्करी ठाणे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि फ्रेंच विद्वान यांचे तेथे उत्खनन चालू होते. तटाला लागून असलेला मातीचा ढिगारा उपसताना त्याखालून भिंती बाहेर आल्या, आणि त्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या होत्या! ते ज्यूंचे प्रार्थनागृह होते. आतील लेखावरून त्याचा काळ इसवी सन २४४-२४५ असा निश्चित झाला.

ही चित्रे टिकली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. इसवी सन २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी सैन्याने शहराला वेढा घातला. तट खचू नये म्हणून रोमन शिपायांनी तटालगतची घरे मातीने बुजवून बांध घातला. प्रार्थनागृहही त्या मातीत गेले. शहर पडले, ओस झाले, विस्मृतीत गेले. पण ज्या मातीने मंदिर गाडले तिनेच चित्रांना सतराशे वर्षे ऊन, वारा आणि माणूस या तिघांपासून वाचवले.

या भिंतींवर काय आहे? राजकन्या पाण्यातून बाळ मोशेला उचलून घेत आहे. तांबड्या समुद्रातून इस्राएल लोक पार होत आहेत. दागोन देवाच्या मंदिरात पवित्र कोश ठेवल्यावर तेथील मूर्ती मोडून पडल्या आहेत. मर्दखय पांढऱ्या घोड्यावर बसून मिरवत आहे आणि त्याचा वैरी हामान लगाम धरून चालला आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातील सुकलेली हाडे पुन्हा माणसे होऊन उठत आहेत. पात्रांचे पोशाख काही ग्रीक पद्धतीचे, काही इराणी धाटणीचे, कारण चित्रकार ज्या सरहद्दीवर राहत होता तेथे हे दोन्ही रोज डोळ्यांसमोर होते. कथा प्राचीन, वेश शेजाऱ्याचा.

आणि देव? देव कोठेही दिसत नाही. दिसतो फक्त वरून आलेला एक हात. समुद्र दुभंगताना हात, हाडांत प्राण येताना हात. निषेध येथे मोडलेला नाही. तो चित्रकाराने चित्रातच पाळला आहे. मनुष्य काढावा, घोडा काढावा, समुद्र काढावा. मात्र ज्याला रूप नाही त्याची केवळ कृती दाखवावी. चौकटीच्या बाहेर कोणीतरी आहे ही जाणीव त्या एका हाताने जितकी होते, तितकी पूर्ण आकृतीने झाली नसती असे आम्हांस वाटते. ही चित्रे पुढे दमास्कसच्या संग्रहालयात नेण्यात आली. २०११ नंतरच्या यादवीत दुरा-युरोपोसच्या अवशेषांची चोरट्यांनी मोठी लूट केली. चित्रे तेथेच राहिली असती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

दुरापेक्षा चारेक वर्षे आधी, १९२८ च्या अखेरीस, गालीलच्या दक्षिणेकडील खोऱ्यात पाटाचे पाणी नेण्यासाठी चर खणणाऱ्या शेतकऱ्यांना बेथ अल्फा येथे सहाव्या शतकातील प्रार्थनागृहाची रंगीत खड्यांची फरशी सापडली. एलाझार सुकेनिक या संशोधकाने ती उकरून काढली. फरशीचे तीन भाग आहेत. दारापाशी अब्राहाम आपला पुत्र इसहाक याला बळी देण्यास निघाल्याचा प्रसंग, आणि वर पुन्हा तोच थांबवणारा हात. पलीकडच्या टोकाला पवित्र कोश, सप्तदीप आणि सिंह. मध्यभागी मात्र पाहणारा थक्क होतो. तेथे चार घोड्यांच्या रथात बसलेला सूर्य आहे आणि भोवती बारा राशींचे चक्र आहे!

मेष, वृषभ, मिथुनापासून मीनेपर्यंत त्या आपल्या पंचांगातल्याच बारा राशी. नावे हिब्रूत लिहिलेली. कोपऱ्यांत चार ऋतू. ज्या धर्माने सूर्यपूजा निषिद्ध मानली त्याच्या मंदिरात सूर्याचा रथ कसा? विद्वानांत याविषयी मतभेद आहेत. कोणी म्हणतात हे केवळ कालचक्राचे, सणवारांच्या क्रमाचे चित्र. कोणी म्हणतात देवाच्या सृष्टीतील नियमाचे प्रतीक. एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. ही फरशी आहे. लोक त्या सूर्यावरून चालत जात होते. ज्याच्यावर पाय पडतो त्याच्यापुढे कोणी वाकत नसते.

कारागिरांनी आपली नावेही तेथे ग्रीक लिपीत घातली आहेत : मारियानोस आणि त्याचा मुलगा हनीना. त्यांचे हात शास्त्रीय ग्रीक चित्रकाराचे नव्हेत. माणसे समोरून पाहणारी, डोळे मोठे, बोकड झाडाला लोंबकळल्यासारखा उभा. पण गावातील बापलेकांनी मनापासून केलेल्या त्या कामात जो जिवंतपणा आहे तो राजधानीच्या सफाईदार फरशांतही विरळा.

मध्ययुगात झोका पुन्हा दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो, आणि निषेधाने चित्रकाराला नव्या युक्त्या शिकवल्या. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर जी मुक्तिकथा वाचली जाते तिच्या पोथीला हग्गादा म्हणतात. इसवी सन १३०० च्या सुमारास दक्षिण जर्मनीत रंगवलेल्या अशा एका पोथीत माणसांना माणसांचे तोंडच नाही. मानेवर चोचदार पक्ष्याचे डोके आहे! आज ती जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. मनुष्यमुख काढण्याचा संकोच म्हणून असे केले, हे एक उत्तर. इतर उत्तरेही दिली गेली आहेत आणि वाद मिटलेला नाही. दुसरी युक्ती याहून सूक्ष्म. शास्त्राच्या समासात लिहावयाच्या टिपा मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहून त्या ओळींचीच वेलबुट्टी, तारे आणि प्राणी बनवायचे. दुरून पाहावे तर नक्षी, जवळून पाहावे तर मजकूर. आपल्याकडे नावाच्या अक्षरांतून गणपती साकारणारे चित्रकार आहेत, त्यांना ही गोडी लगेच कळेल. १००८ साली लिहून झालेली आणि आता सेंट पीटर्सबर्ग येथे असलेली हिब्रू शास्त्राची पोथी या लेखनचित्राचा उत्तम नमुना आहे.

उलट स्पेनमध्ये याच काळात माणसे मोकळेपणाने रंगवली जात होती. चौदाव्या शतकाच्या मध्याला तेथे तयार झालेली एक हग्गादा आज बोस्नियाच्या राजधानीच्या नावाने ओळखली जाते : सारायेव्हो हग्गादा. विश्वाच्या उत्पत्तीपासून मोशेच्या मृत्यूपर्यंतचे प्रसंग तिच्या आरंभीच्या चौतीस पानांवर आहेत. पानांवर मद्याचे डाग आहेत, कारण ती देवघरातली नव्हे, जेवणाच्या पाटावरची पोथी. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हद्दपार केले. १६०९ साली ती व्हेनिसमध्ये होती. तेथील ख्रिस्ती तपासनिसाने ती आक्षेपार्ह नाही असा शेरा तिच्यावर लिहून ठेवला. १८९४ साली ती सारायेव्होच्या संग्रहालयात आली. दुसऱ्या महायुद्धात नाझी अधिकारी तिच्या शोधात आले, तेव्हा संग्रहालयाचे ग्रंथपाल दर्विश कोर्कुत यांनी जीव धोक्यात घालून ती बाहेर नेली आणि डोंगरातल्या एका गावी मुसलमान धर्मगुरूकडे लपवून ठेवली. १९९२ साली शहराला वेढा पडला तेव्हा पुन्हा ती संग्रहालयातून काढून बँकेच्या तळघरात सुरक्षित ठेवण्यात आली. ज्यूंची पोथी, ख्रिस्ती माणसाचा शेरा आणि मुसलमान ग्रंथपालाचे धैर्य! एका पोथीच्या कातडी पानांनी याहून अधिक काय सांगावे?

सर्वच कलाकृती इतक्या भाग्यवान नव्हत्या. सतराव्या आणि अठराव्या शतकांत पोलंडच्या खेड्यापाड्यांतून लाकडी प्रार्थनागृहे उभी राहिली होती. बाहेरून साधी लाकडी घरे. आत छतापासून जमिनीपर्यंत सिंह, हत्ती, हरणे, राशी आणि प्रार्थनेची अक्षरे यांचा रंगीत पूर. दोन महायुद्धांनी, विशेषतः नाझी आक्रमणाने, ती जवळजवळ सगळी राख केली. त्यांतील ग्वोझ्जेत्स येथील छत जुन्या छायाचित्रांवरून आणि रंगचित्रांवरून, जुन्याच हत्यारांनी, पुन्हा घडवून वॉर्सा येथील पोलिन संग्रहालयात बसवले आहे. छत परत आले. त्याखाली बसणारी माणसे परत आली नाहीत.

आता आपल्या घरचा धागा. कोकणात शतकानुशतके तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', म्हणजेच बेने इस्राएल, मराठी बोलत, आणि गावावरून '-कर' आडनावे लावीत. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि अग्निरथातून स्वर्गाला जाणाऱ्या एलियाहूचे चित्र त्यांच्या कित्येक घरांत भिंतीवर असते. या समाजासाठी १८७४ साली पुण्यात हग्गादा छापली गेली. एकीकडे हिब्रू मूळ, एकीकडे मराठी अर्थ. तिच्यातील चित्रांत वल्हांडणाची बिनखमिराची भाकरी तयार करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या बायका साडी नेसलेल्या आहेत! दुराच्या चित्रकाराने मर्दखयाला इराणी वेश दिला, पुण्याच्या चित्रकाराने आपल्या बायकांना लुगडे नेसवले. दोघांमध्ये सोळाशे वर्षांचे अंतर, वृत्ती एकच. मुक्तीची कथा परक्यांची नसते. ती ज्या घरात वाचली जाते त्या घराची असते.

शेवटचे उदाहरण आपल्या काळाजवळचे. रशियातील वितेब्स्क गावी १८८७ साली जन्मलेल्या मार्क शगाल या चित्रकाराने जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील प्रार्थनागृहासाठी रंगीत काचेच्या बारा खिडक्या केल्या. १९६२ साली त्या बसवल्या गेल्या. विषय इस्राएलचे बारा वंश. सिंह, मासे, पक्षी, फुले, डोळे, हात सारे आहे. मनुष्याकृती मात्र एकही नाही. आयुष्यभर आकाशात उडणारी माणसे रंगवलेल्या या चित्रकाराने येथे तो निषेध स्वखुशीने पाळला. १९६७ च्या युद्धात काही खिडक्या फुटल्या. ऐंशीच्या घरात आलेल्या शगालने त्या पुन्हा दुरुस्त करून दिल्या.

एवढ्या पाहणीतून काय हाती लागते? निषेध हा कलेचा मृत्यू नव्हे, असे आम्हांस वाटते. नदीला काठ असतो म्हणून ती वाहते. देवाचे तोंड काढायचे नाही एवढे ठरल्यावर चित्रकाराने हात काढला, अक्षरांची नक्षी केली, पायाखाली सूर्य घातला, माणसाला पक्ष्याची चोच लावली आणि काचेतून उजेडच रंगवला. मूर्तिपूजक परंपरेत वाढलेल्या आपणा सर्वांना हे वेगळे वाटेल. पण निर्गुण आणि सगुण यांचा झगडा ज्यांच्या संतांनी अभंगांतून लढवला त्या आपल्या लोकांना ते अगदीच अनोळखीही वाटू नये.

पुढल्या खेपेस लाल देवळाजवळून जाल तेव्हा मनोऱ्याकडे पाहण्याआधी क्षणभर त्या आतल्या कपाटाचा विचार करा. तेथे मूर्ती नाही म्हणून जागा रिकामी आहे असे समजू नका. त्या रिकाम्या जागेचा मान राखता राखताच एका जातीने दोन हजार वर्षे चित्रे काढली आहेत.